पूल ओलांडला की चिठ्ठीशिवाय आयव्हरमेक्टिन मिळतं, ते बाबांसाठी आणून ठेवावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच सांगता येईल. तुम्ही टेनेसीतल्या मेम्फिसला राहता. बाबा साताऱ्याकडून सहा महिन्यांसाठी आलेत. वय सत्तरीच्या आसपास, सगळं आयुष्य शेतीत गेलेलं. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायचं औषध, कायमचं चालू. गेल्या वर्षभरात धाप लागायला लागली, गावाकडच्या डॉक्टरांनी दमा सांगितला. इकडे आल्यावर त्रास वाढला म्हणून अर्जंट केअरला नेलं, तिथे प्रेडनिसोन या स्टिरॉइडचा कोर्स दिला आणि आराम पडायचा सोडून खोकला वाढला. अशात शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘नदीपलीकडे आर्कान्सात जा, तिथे आता आयव्हरमेक्टिन, ते जंतांवरचं औषध, प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतं. घरात असू द्या. कोविड, फ्लू, अगदी कॅन्सरलाही चालतं.’ तुम्हाला आठवलं की गोव्यात तर सरकारनेच ते सगळ्यांना द्यायचं ठरवलं होतं. म्हणून विचारताय की हे कायद्यात बसतं का, आणि आणून ठेवायला हरकत काय.

मी टेनेसीत फार्मासिस्ट आहे. काउंटरच्या आत उभं राहून हा प्रश्न २०२१पासून ऐकतेय. कायद्याचं उत्तर देते, ते तसं सोपं आहे. पण तुमचा मजकूर वाचताना मी थांबले ती कायद्यापाशी नाही, प्रेडनिसोनपाशी. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, ते मात्र वाचा.

अमेरिकेत औषधांचा कारभार दोन सरकारांत वाटलेला आहे. एखादं औषध मंजूर करणं आणि ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचं की खुलं विकायचं हे ठरवणं केंद्राचं, म्हणजे एफडीए या औषध-नियामक संस्थेचं काम. ही चिठ्ठीवालं आणि बिनचिठ्ठीवालं अशी विभागणी कायद्यात पक्की झाली ती १९५१च्या डरहॅम-हम्फ्री दुरुस्तीने. (कार्ल डरहॅम आणि ह्युबर्ट हम्फ्री दोघेही मूळचे फार्मासिस्ट. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) मात्र डॉक्टरला, फार्मासिस्टला लायसन्स देणं आणि त्यांनी काय करावं, काय करू नये हे ठरवणं राज्याचं काम. आयव्हरमेक्टिनचे सगळे कायदे याच दारातून आत आलेत.

पहिला आमचा. एप्रिल २०२२मध्ये गव्हर्नर बिल ली यांनी सही केली. त्याची रचना अशी आहे: फार्मासिस्टने एखाद्या डॉक्टरशी लेखी करार करायचा. त्या करारातच एक सर्वसाधारण आदेश असतो, त्यामुळे अठरा वर्षांवरच्या ग्राहकाला स्वतःच्या नावाची वेगळी चिठ्ठी लागत नाही. पण औषध देण्याआधी आम्ही त्याच्याकडून प्रश्नावली भरून घ्यायची, धोका तपासायचा, लेखी माहिती द्यायची. म्हणजे चिठ्ठी गेली, विचारपूस राहिली. असा करार करायची सक्ती कुणावर नाही, त्यामुळे प्रत्येक दुकानात ही सोय मिळेलच असंही नाही. त्याच वर्षी न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळानेही असंच विधेयक मंजूर केलं होतं, पण तिथले गव्हर्नर ख्रिस सुनुनू यांनी ते नाकारलं.

आर्कान्सा पुढे गेलं. मार्च २०२५मध्ये गव्हर्नर सारा हकाबी सँडर्स यांची सही झालेला तिथला कायदा म्हणतो की माणसांसाठीचं आयव्हरमेक्टिन ओव्हर-द-काउंटर विकता येईल. प्रिस्क्रिप्शन नको आणि कुणा आरोग्यसेवकाचा सल्लाही नको. पाठोपाठ आयडाहोने जवळपास त्याच शब्दांत कायदा केला. २०२५ संपेपर्यंत लुइझियाना आणि टेक्सासही यादीत आले, थोड्याफार वेगळ्या अटींसह. तेव्हा तुमचे शेजारी खोटं बोललेले नाहीत.

फक्त पुढची अडचण त्यांनी सांगितली नाही. ३ मिलिग्रॅमच्या गोळ्यांची बाटली हातात घेऊन फिरवली तर लेबलवर आजही ‘आरएक्स ओन्ली’, म्हणजे फक्त चिठ्ठीवर, छापलेलं दिसतं. टायलेनॉलसारख्या बिनचिठ्ठीच्या औषधाच्या खोक्यावर मागे ती काळ्या रेघांची चौकट असते ना, औषध कशासाठी, किती घ्यायचं, कुणी घेऊ नये, कधी थांबायचं, तशी चौकट या बाटलीवर नाही. असणार कुठून? एफडीएने ही गोळी बिनचिठ्ठीची म्हणून कधी मंजूरच केलेली नाही, आणि राज्याच्या विधिमंडळाला लेबल बदलता येत नाही. याच औषधाचं उवांसाठीचं लोशन २०२०मध्ये बिनचिठ्ठीचं झालं, पण ते रीतसर एफडीएच्या परवानगीने, आणि वाचून सामान्य माणसाला वापरता येईल असं लेबल त्याच्यावर आलं. गोळीच्या बाबतीत यातलं काहीच झालेलं नाही. त्यामुळे पलीकडचा दुकानदार कात्रीत सापडलाय: राज्य म्हणतं विक, बाटली म्हणते चिठ्ठी बघ. कायद्याने विकायची मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. म्हणून फोन न करता निघालात तर हात हलवत परत येण्याची शक्यता बरीच. मिळालंच तर पैसे खिशातले. चिठ्ठी नसेल तर इन्शुरन्स सहसा दमडी देत नाही, आणि पाहुण्या आईवडिलांच्या व्हिजिटर इन्शुरन्सचं तर बोलायलाच नको.

या कायद्यांच्या बाजूचे लोक मूर्ख आहेत असं मला वाटत नाही. आयव्हरमेक्टिन हे थोर औषध आहे. जपानच्या सातोशी ओमुरा यांना मातीतल्या जिवाणूत याचं मूळ सापडलं, विल्यम कॅम्पबेल यांनी त्यावर काम केलं, २०१५मध्ये दोघांना नोबेल मिळालं. १९८७पासून मर्क कंपनी आफ्रिकेत नदीअंधत्वासाठी (जंतामुळे येणाऱ्या अंधत्वासाठी) ते फुकट देतेय आणि करोडो लोकांनी ते ठरलेल्या डोसात सुखरूप घेतलंय. शिवाय लोकांना माणसांची गोळी नाकारली तर ते स्वस्थ बसत नाहीत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. ऑगस्ट २०२१मध्ये अमेरिकेत आठवड्याला ८८ हजारांवर आयव्हरमेक्टिनच्या चिठ्ठ्या भरल्या जात होत्या. महासाथीआधी हा आकडा साधारण ३,६०० होता. ज्यांना चिठ्ठी मिळाली नाही ते शेतीच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथे घोड्यांच्या जंतावरची आयव्हरमेक्टिनचीच पेस्ट असते, सफरचंदाच्या स्वादाची, पिचकारीसारख्या नळीत. एक गृहस्थ ती नळी सरळ माझ्या काउंटरवर ठेवून म्हणाले, ‘यातलं किती घ्यायचं तेवढं सांगा.’ मी मागची बाजू वाचून दाखवली: १.८७ टक्के, ६.०८ ग्रॅम, साडेबाराशे पौंडांच्या घोड्यासाठी. म्हणजे एका नळीत जवळजवळ ११४ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला जंतांसाठी एका वेळचा डोस होतो १२. दट्ट्या अंगठ्याने जरा जास्त दाबला गेला तर काय होईल, हे मग त्यांनाच दिसलं. अशा माणसाला नळीऐवजी मोजलेली गोळी आणि समोर बोलायला कुणीतरी मिळणार असेल तर मी त्या कायद्याला नाही म्हणणार नाही. टेनेसीचा कायदा मला चालतो. आर्कान्साचा खटकतो, कारण त्यांनी चिठ्ठीबरोबर ती विचारपूसही काढून टाकली, आणि तुमच्यासारख्या घरात तर नेमकी तीच हवी.

आता गोवा. १० मे २०२१ला तिथले आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी जाहीर केलं होतं की अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना, लक्षणं असोत वा नसोत, १२ मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन पाच दिवस देणार. दुसरी लाट होती, ऑक्सिजन मिळत नव्हता, काहीतरी केल्याचं दिसणं गरजेचं होतं. ती घालमेल मी समजू शकते. पण जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधीच, मार्चमध्ये, हे औषध कोविडसाठी फक्त संशोधनातच वापरा असं सांगितलं होतं. औषध बनवणाऱ्या मर्कनेही फेब्रुवारीतच कळवलं होतं की उपयोगाचा पुरावा नाही; स्वतःचा माल खपत असताना कंपनी असं बोलते तेव्हा कान टवकारावेत. सप्टेंबर २०२१मध्ये भारताच्या राष्ट्रीय उपचार-सूचनांमधूनही ते निघालं. म्हणजे सरकारने द्यायचं ठरवलं होतं हे खरं, पण त्यावरून उपयोग होतो असं सिद्ध होत नाही.

उपयोग होतो का, हे पुढे नीट तपासलं गेलं. सुरुवात झाली होती ऑस्ट्रेलियातल्या २०२०च्या प्रयोगापासून: काचेच्या भांड्यातल्या पेशींवर औषध टाकलं आणि विषाणू जवळपास नाहीसा झाला. पण त्या भांड्यात जेवढं औषध होतं ते नेहमीच्या डोसने माणसाच्या रक्तात येतं त्याच्या कित्येक पट होतं. मग ब्राझीलमध्ये १,३५८ रुग्णांवर चाचणी झाली, निम्म्यांना औषध, निम्म्यांना खोटी गोळी. २०२२मध्ये निष्कर्ष आला: दवाखान्यात भरती व्हायचं प्रमाण कमी झालं नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅक्टिव्ह-सिक्स चाचणीत आधी नेहमीच्या दुप्पट डोस तीन दिवस देऊन पाहिला, नंतर तिप्पट डोस सहा दिवस. आजार लवकर बरा झाला नाही. कॅन्सरबद्दल सध्या जे ऐकू येतं त्याला जोर आला तो जानेवारी २०२५पासून, अभिनेते मेल गिब्सन एका मुलाखतीत आपल्या मित्रांबद्दल बोलले तेव्हा. प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर काही काम झालंय. माणसाचा कॅन्सर याने हटतो असं दाखवणारी चाचणी नाही. यावर मी जास्त लिहीत नाही, तुमचा प्रश्न तो नाही.

पण यातच एक गंमत आहे, आणि ती आपल्याला बाबांकडे घेऊन जाते. कोविडच्या काही चाचण्यांत आयव्हरमेक्टिनने जीव वाचल्यासारखं दिसत होतं, काहींत अजिबात नाही. असं का? २०२२मध्ये काही संशोधकांनी या चाचण्या कुठे झाल्या ते पाहिलं. जिथे स्ट्राँगिलॉइडीस नावाचा जंत लोकांत बराच आढळतो, फायदा मुख्यतः तिथे दिसत होता. जिथे तो फारसा नाही तिथे फायदाही नाही. त्यांनी मांडलेला तर्क असा: कोविडच्या गंभीर रुग्णांना स्टिरॉइड देतात. ज्याच्या आतड्यात हा जंत लपलेला आहे त्याला स्टिरॉइड मिळालं की जंत बेफाम वाढतो. आयव्हरमेक्टिन विषाणूला मारत नव्हतं, त्या जंताला मारत होतं.

हा जंत मातीत असतो. अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो, रक्तातून फुफ्फुसात जातो, तिथून घशात आणि गिळला जाऊन आतड्यात. इतर जंतांपेक्षा वेगळी खोड म्हणजे तो माणसाच्या आतच स्वतःची पुढची पिढी वाढवत राहतो, त्यामुळे गाव सुटून दशकं लोटली तरी तो सुटत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या रेल्वेवर राबलेल्या युद्धकैद्यांमध्ये तो कित्येक वर्षांनी, मायदेशी म्हातारे झाल्यावर सापडलाय. अनेकांना काहीच जाणवत नाही. काहींना अधूनमधून पोट बिघडणं, खाज, कमरेखाली सरकत जाणारी लाल रेघ. आणि काहींना खोकला आणि धाप, जी हुबेहूब दम्यासारखी वाटते. प्रतिकारशक्ती दाबली गेली, आणि ती दाबणारं सगळ्यात नेहमीचं औषध म्हणजे स्टिरॉइड, की जंत आतड्याची हद्द सोडून अंगभर पसरू शकतो. ती अवस्था जीवघेणी असते.

आता तुमचा मजकूर पुन्हा वाचा. आयुष्य शेतीत. उतारवयात पहिल्यांदाच दमा. स्टिरॉइड दिल्यावर सुधारायच्या ऐवजी बिघाड. बाबांना स्ट्राँगिलॉइडीसच आहे असं मी म्हणत नाही. तेवढं इथे बसून कुणीच सांगू शकत नाही, आणि धाप लागायला हृदयाची झडप, फुफ्फुसातला संसर्ग, गावाकडचा टीबी अशी दुसरी कारणं पुष्कळ आहेत. पण या तीन गोष्टी एकत्र आल्या की हा जंत डोक्यात यायलाच हवा, आणि मेम्फिसच्या अर्जंट केअरमधल्या डॉक्टरच्या डोक्यात तो सहजी येणार नाही. त्यांच्या रोजच्या रुग्णांत असे पाय मातीत गेलेले लोक कमी. साताऱ्याची शेती म्हणजे काय, हे त्यांना तुम्हीच सांगायला हवं.

‘मग आयव्हरमेक्टिन देऊनच टाकतो की, आर्कान्सातून आणून,’ असं तुमच्या मनात आलं असेल. नका देऊ, आणि कारणं सांगते. पहिलं वॉरफरिन. दोन्ही एकत्र घेतल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) वाढल्याच्या नोंदी आहेत. क्वचित असतील, पण झडपेच्या रुग्णात रक्तस्राव ही ‘क्वचित’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. दुसरं, जंत पसरलेला असेल तर ते घरी एक डोस देऊन भागणारं काम नाही, त्याला दवाखान्यात रोजच्या रोज औषध आणि बारीक लक्ष लागतं. तिसरं, रक्ताचा नमुना देण्याआधीच औषध दिलं आणि धाप तशीच राहिली, तर जंत होता का, गेला का, की कारण दुसरंच आहे, हा गुंता डॉक्टरलाही सुटायला जड जातो. म्हणजे बाबांना हे औषध खरोखर लागू शकतं, आणि नेमकं म्हणूनच ते चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

तेव्हा करायचं असं. प्रेडनिसोन अजून चालू असेल तर स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नका, पण आजच्या आज डॉक्टरला फोन करून खोकला वाढल्याचं सांगा. ताप, रक्त पडणं, पोटात जोरात दुखणं, गोंधळल्यासारखं बोलणं यातलं काही दिसलं तर फोनमध्ये वेळ घालवू नका, सरळ इमर्जन्सीत न्या. तसं नसेल तर एक-दोन दिवसांत अपॉइंटमेंट घ्या, शक्यतो संसर्गजन्य रोगांच्या तज्ज्ञाची, नाहीतर इंटर्नल मेडिसिनची. तिथे शब्दशः सांगा: ‘माझे वडील ग्रामीण भारतातले शेतकरी आहेत, अनवाणी काम केलेलं आहे, त्यांना स्टिरॉइड दिलंय, स्ट्राँगिलॉइडीसची रक्ततपासणी करायची का?’ रक्ततपासणी म्हणा, कारण एकदा शौच तपासून हा जंत बऱ्याचदा हाती लागत नाही. इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढल्यात का हेही बघतात, पण स्टिरॉइड चालू असताना त्या दबलेल्या असू शकतात, त्यामुळे ‘इओसिनोफिल नॉर्मल’ एवढ्यावर विषय मिटवू देऊ नका. इकडे येणाऱ्या अनेक निर्वासितांना तर तपासणीची वाट न बघताच या जंतासाठी आयव्हरमेक्टिन देतात, म्हणजे तुम्ही काही विचित्र मागताय असं डॉक्टरला वाटणार नाही. डॉक्टरांनी ते दिलंच तर डोस वजनावर ठरतो, किलोला २०० मायक्रोग्रॅम, साध्या संसर्गात एक किंवा दोन दिवस. ते चिठ्ठीवर घ्या, आणि घ्यायच्या आठवड्यात आयएनआर कधी तपासायचा ते त्याच भेटीत ठरवून घ्या.

तुमच्याकडे गोळ्या आधीच असतील, म्हणजे २०२१चा घरातला साठा किंवा कुणी बॅगेतून आणलेल्या, तर अजून एक. अमेरिकेतली नेहमीची गोळी ३ मिलिग्रॅमची आहे, तर आपल्याकडच्या मेडिकलमध्ये सर्रास मिळते ती १२ची. इथल्या कुणीतरी लिहिलेलं ‘चार गोळ्या एकदम’ वाचून आपल्याकडच्या पाकिटातल्या चार घेतल्या तर ४८ मिलिग्रॅम पोटात जातात. लेबल ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायला सांगतं, आणि तेलतुपाच्या जेवणाबरोबर घेतली तर दुपटीहून जास्त औषध रक्तात उतरतं. जास्त झाल्याची लक्षणं म्हणजे झोकांड्या, धूसर दिसणं, गोंधळ, फिट. तसं काही झालं तर पॉयझन कंट्रोलचा नंबर १-८००-२२२-१२२२, चोवीस तास चालू, फुकट.

तपासणीचा निकाल आला की इथे कळवा. निकाल नकारात्मक आला आणि धाप तशीच राहिली, तर बाबांच्या सगळ्या औषधांची यादी टाका, डोससकट, गावाकडून आणलेली आयुर्वेदिक चूर्णं धरून. झडप, वॉरफरिन आणि दम्याचे पंप एकत्र असले की मला त्यात आणखी दोन-तीन गोष्टी बघाव्या लागतील.